पहिलं उत्तर कोणाचं? शोधयंत्र, जाहिरात आणि छोटा दुकानदार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तत्त्वज्ञानाच्या माणसाने प्रमाणशास्त्रावर बोलावं, अशी संयोजकांची इच्छा होती. मी म्हटलं, प्रमाणशास्त्रावरच बोलतो, फक्त वर्गात उभं राहून नाही, दुकानात उभं राहून बोलतो. ते जरा बुचकळ्यात पडले, पण वयाचा मान ठेवून हो म्हणाले. (हशा)

दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं आहे. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं त्याने. पुढे वडिलांचा धंदा सांभाळला, मोटार वाइंडिंगचा. सांगलीकडे एका तालुक्याच्या गावी. उन्हाळ्यात विहिरी खाली जातात, व्होल्टेज पुरेसं येत नाही, मोटार तापते आणि कॉइल जळते. मार्च ते मे हा त्याचा सुगीचा काळ. तो म्हणतो, "सर, शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं तेव्हा आमची दिवाळी असते. वाईट वाटतं, पण असतं असं."

मागच्या एका हंगामात त्याला एका एजन्सीचा फोन आला. शोधयंत्रावर जाहिरात देऊ, मोटार जळली की माणूस मोबाईलवर शोधतो, पहिलं नाव तुमचं दिसेल. दिवसाला चारशे रुपये, साठ दिवस. म्हणजे चोवीस हजार. एजन्सीची फी वेगळी. हंगाम संपला तेव्हा कामाचे फोन आले होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग त्याने चिकाटीने एजन्सीकडून कागद मागवले, लोकांनी काय शोधलं म्हणून आपली जाहिरात दिसली, त्याची यादी. ती घेऊन तो माझ्याकडे आला. यादीत काय होतं? 'मोटार वाइंडिंग कोर्स फी'. 'तांब्याची तार किलोचा भाव'. 'वायरमन नोकरी'. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे 'वाइंडिंग डेटा', कुठल्या मोटारीला किती वेढे घ्यायचे ते. हे कोण शोधणार? दुसरा वाइंडर! म्हणजे त्याचे पैसे त्याच्याच धंद्यातल्या भाऊबंदांनी बोटाने टिचकी मारून उडवले होते.

पैशाचं दुःख होतंच. पण तो जे बोलला त्यासाठी मी हा विषय घेतला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, आप्ताचं वाक्य प्रमाण. मग हे यंत्र आप्त कोणाचं? शोधणाऱ्या शेतकऱ्याचं, की पैसे देणाऱ्या माझं? मला तर दोघांचंही वाटत नाही."

चाळीस वर्षं शिकवून असा प्रश्न परीक्षेच्या पेपरात मला काढता आला नाही. आज त्याचीच चिकित्सा करू.

आधी पूर्वपक्ष

आपल्या परंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडायचा असतो, समोरच्यालाही मान्य व्हावा असा. तर या जाहिरातीच्या बाजूने जे म्हणतात त्यात तथ्य आहे.

पूर्वी छोट्या दुकानदाराकडे काय होतं? एस.टी. स्टँडवर पत्र्याचा बोर्ड. टॉकीजमध्ये मध्यंतराला काचेची स्लाइड. रिक्षाला भोंगा. वर्तमानपत्रातली चार ओळींची छोटी जाहिरात. हे सगळं कोणी पाहिलं, कोणी नाही, कळायला मार्ग नाही. शोधयंत्राने तीन गोष्टी खरोखर नव्या केल्या. थोड्या पैशांत सुरुवात करता येते. दिसण्याचे नाही, कोणी टिचकी मारली तर पैसे. आणि जो माणूस त्या क्षणी विचारतोय त्याच्याच पुढे तुम्ही जाता. शाब्दबोधाच्या चर्चेत आपण 'आकांक्षा' म्हणतो, एक पद कानावर पडलं की पुढच्याची अपेक्षा लागते. 'मोटार दुरुस्ती' असं टाइप करून थांबलेला माणूस म्हणजे मूर्तिमंत आकांक्षा. त्याच्यापुढे योग्य दुकान आलं तर दोघांचंही भलं. हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप पुढे आहे.

लिलाव कसा चालतो

थोडा इतिहास. गूगलचे संस्थापक सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली, विद्यार्थीदशेत, आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे की जाहिरातीवर पोसलेलं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. म्हणून एक पारदर्शक शोधयंत्र विद्यापीठीय क्षेत्रात असावं, असंही त्यांचं म्हणणं होतं. मला हा निबंध फार आवडतो. आपल्याच भविष्याचं इतकं नेमकं खंडन क्वचितच कोणी आधी लिहून ठेवलं असेल.

त्याच वर्षी अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू नावाच्या शोधयंत्राने जागेचा लिलाव सुरू केला. जो टिचकीमागे जास्त देईल तो वर. गूगलने २००० साली अ‍ॅडवर्ड्स आणलं आणि २००२ साली टिचकीचा लिलाव स्वीकारला, पण एक सुधारणा करून. नुसती बोली नाही, बोली गुणिले जाहिरातीचा दर्जा. सोपं करून फळ्यावर मांडतो.

समजा तीन दुकानं आहेत. पहिल्याची बोली ४० रुपये, दर्जा ४, गुणाकार १६०. दुसऱ्याची बोली २५, दर्जा ८, गुणाकार २००. तिसऱ्याची बोली २०, दर्जा ५, गुणाकार १००. वर कोण? २५ रुपयेवाला. तो किती देणार? खालच्याच्या १६० ला टक्कर देण्यापुरते, १६० भागिले ८, म्हणजे २० रुपये. आणि ४० ची बोली लावणारा दुसऱ्या जागेवर राहून १०० भागिले ४, म्हणजे २५ रुपये देणार. खालच्या जागेला जास्त पैसे! दर्जा चांगला असेल तर स्वस्त, वाईट असेल तर महाग. कल्पना हुशारीची आहे, आणि छोट्यालाही वाव देणारी आहे.

पण इथे दोन गाठी आहेत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली दाखवलं होतं की दुसऱ्या क्रमांकाची किंमत घेणाऱ्या बंद लिलावात मनातला खरा आकडा सांगणंच हिताचं असतं. ऐकायला किती सुंदर! जिथे खरं बोलण्यात नुकसान नाही असा बाजार. शोधयंत्राचा लिलाव दिसतो त्याच्यासारखा. पण एडेलमन, ऑस्ट्रोव्स्की आणि श्वार्झ यांनी २००७ साली दाखवून दिलं की अनेक जागांच्या या लिलावात तो गुण उरत नाही. डावपेच लागतात. आणि डावपेचाला वेळ, माणूस आणि आकडेमोड लागते. ती मोठ्या कंपनीकडे असते. वाइंडिंगच्या दुकानात हात ग्रीसने भरलेले असतात.

दुसरी गाठ मोठी आहे. तो 'दर्जा' ठरवतं कोण? लिलाव पुकारणारा स्वतः. बाजार समितीत अडत्या शेतमालाचा लिलाव पुकारतो तेव्हा मालाचा ढीग सगळ्यांपुढे असतो, भाव सगळ्यांच्या कानांवर पडतो. इथे ढीगही झाकलेला आणि पुकाराही मनातल्या मनात. दुकानदाराला कळतो फक्त शेवटचा आकडा.

आप्त कोण?

आता प्रमाणाकडे येतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कोणाचाही शब्द नाही, आप्ताचा. आणि वात्स्यायनाने आप्ताची जी खूण सांगितली ती मला आजही विलक्षण वाटते. ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जसा माहीत आहे तसाच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण एकच. जात, धर्म, पोशाख यांचा संबंध नाही. मग यंत्राचाही विचार याच लक्षणाने करू.

शोधयंत्राची मूळ युक्ती अशी की एक पान दुसऱ्या पानाचा दुवा देतं, म्हणजे त्याच्या बाजूने थोडी साक्ष देतं. अशा असंख्य साक्षी तोलून क्रम लावायचा. यंत्राला स्वतःला विहिरीतलं काही माहीत नाही, ते साक्षी गोळा करणारं आहे. इथपर्यंत हरकत नाही. कोर्टातला कारकूनही साक्षी लिहून घेतो, तो साक्षीदार नसतो. पण त्याच कारकुनाने एका पक्षकाराकडून पैसे घेऊन त्याची कैफियत फाइलमध्ये सर्वांत वर लावली तर? कैफियत खोटी असेलच असं नाही. फाइलवरचा विश्वास मात्र गेला.

तुम्ही म्हणाल, वर 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं की! असतं. पण कसं, ते बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली शोधयंत्रांना पत्र लिहून बजावलं होतं की पैसे घेऊन दाखवलेले निकाल ठळकपणे वेगळे दिसले पाहिजेत. २०१३ साली पुन्हा पत्र लिहावं लागलं, कारण फरक पुसट होत चालला होता. गूगलवर आधी जाहिरातीमागे रंगीत पट्टा असायचा. तो गेला, पिवळी चिठ्ठी आली. २०१६ साली ती हिरवी झाली, म्हणजे खालच्या पत्त्याच्याच रंगाची. पुढच्या वर्षी नुसती हिरवी चौकट उरली. २०२० च्या जानेवारीत संगणकावर काळी अक्षरं आणि बाकीच्या निकालांना तशीच छोटी चिन्हं. त्यावर इतकी टीका झाली की कंपनीला माघार घ्यावी लागली. रंगांचा हा क्रम एकाच दिशेने जातो, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

आणि आपण वाचणारे कसे आहोत? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत ते खरं धरा. नैयायिक म्हणतात, नाही, कृती करून फळ मिळालं की मग प्रमाण म्हणा. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. मोबाईल हातात आला की आपण सगळे मीमांसक होतो! पहिलं दिसलं ते खरं. मी स्वतः घरचा गिझर बिघडला तेव्हा पहिला नंबर लावला. आलेला माणूस भला होता, काम नीट केलं. जाताना सहज बोलला की तो आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. मी फोन केला होता दलालाला, आणि माझ्या पैशातला मोठा हिस्सा त्या दलालाचा. शंभर पावलांवरचा कारागीर मला कोणा तिसऱ्याने विकला. प्रमाणशास्त्राचा प्राध्यापक असा फसतो. (हशा)

आपलंच नाव विकत

त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे नावाचा लिलाव. कोणी तुमच्याच दुकानाचं नाव टाइप केलं तरी वर स्पर्धकाची जाहिरात येऊ शकते, कारण त्याने तुमच्या नावावर बोली लावलेली असते. मग आपलंच गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून आपणच आपल्या नावावर बोली लावायची!

हा प्रश्न आपल्या न्यायालयात गेला आहे. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाने व्यवसाय करणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की व्यापारचिन्ह असलेला शब्द जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून देणं हा त्या चिन्हाचा 'वापर'च आहे. गूगल यात नुसता निरोप्या नाही, सक्रिय भागीदार आहे. चिन्हाचा भंग झाल्याचं ठरलं तर मध्यस्थाचं कायदेशीर कवच त्याला मिळणार नाही. पण न्यायालयाने हेही म्हटलं की नावावर बोली लावणं म्हणजे आपोआप भंग नव्हे. गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो का, नावाचा गैरफायदा घेतला जातो का, हे बघावं लागेल. विवेकाचा निर्णय आहे. पण तो मिळवायला दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानाचं नाव म्हणजे वडिलांचं आडनाव आणि पुढे 'मोटार वाइंडिंग वर्क्स'. ते कधी नोंदवलेलंच नाही.

काय विकत घेतलं, ते तरी सांगा

आता त्या यादीकडे परत. चोवीस हजार गेले ते मुख्यतः शब्दांच्या जुळणीत. जाहिरातदार शब्द निवडतो, यंत्र त्याला 'मिळतेजुळते' शोध जोडतं. पूर्वी 'नेमकी जुळणी' म्हणजे नेमकी असायची. गूगलने २०१४ पासून त्यात जवळची रूपं सक्तीने आणली, २०१८ पासून त्याच अर्थाचे वेगळे शब्दही आले. आणि 'अर्थ तोच' हे ठरवणार यंत्र. अर्थ म्हणजे काय यावर आम्ही दोन हजार वर्षं भांडतोय, यांनी तो निकालात काढला. वर २०२० च्या सप्टेंबरपासून जाहिरातदाराला शोधांची यादीही अपुरी मिळू लागली. पुरेशा लोकांनी शोधलेले शब्द तेवढे दाखवायचे, बाकीचे नाहीत. कारण सांगितलं गेलं खासगीपणाचं. पण बिल मात्र त्याही टिचक्यांचं येतं. किराणा दुकानदार म्हणाला, पाच किलोचे पैसे द्या, तीन किलोत काय आहे ते सांगतो, दोन किलोचं विचारू नका, तर आपण काय म्हणू?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की शोध आणि शोधावरच्या मजकुरी जाहिराती यांत गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली. किमती ठरवताना स्पर्धकांचे भाव बघण्याची गरजच कंपनीला पडत नाही, हे त्यात नोंदवलं आहे. खटल्यात कंपनीच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की किमती कधी पाच टक्क्यांनी वाढवल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरले. लिलावात महत्त्वाचे बदल केले तर ते जाहीर करा, असं सांगितलं. चांगलं झालं. पण शोधनिहाय तपशील जाहिरातदारांना द्या, नेमक्या जुळणीची सोय परत आणा, या मागण्या न्यायालयाने फेटाळल्या. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला जे हवं होतं, नेमकं तेच.

आपल्याकडेही २०१८ साली स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड केला. मात्र जाहिरात-व्यवस्थेच्या बाबतीत आयोगाला त्या वेळी दोष आढळला नव्हता. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही सोयीची यादी दाखवतो असं होईल.

बातम्यांचं पंचांग

या धंद्याभोवती बातम्यांचाही एक धंदा आहे. 'मोठा बदल आला, आता हे पाच उपाय करा.' मी काही महिने या बातम्या नियमाने वाचल्या. मला आजोबांच्या पंचांगाची आठवण झाली. यंदा मृगाचं वाहन काय? बेडूक असेल तर पाऊस चांगला, गाढव असेल तर बेताचा. मार्च २०२४ मध्ये गूगलच्या क्रमवारीत बदल सुरू झाला, तो पुरा व्हायला पंचेचाळीस दिवस लागले. तेवढ्या काळात उपायांचा पूर आला. कंपनी स्वतः मात्र म्हणते की क्रम घसरला म्हणजे तुमच्या पानात काही बिघडलंय असं नाही. मग उपाय कशावर?

सगळ्या बातम्या वाईट नाहीत. चिवटपणे मोजून, तुलना करून लिहिणारेही आहेत, त्या यादीतली काटछाट त्यांनीच उघड केली. माझी तक्रार आहे ती कारण न शोधता उतारा सांगणाऱ्या लिखाणाबद्दल. त्यातून छोट्या माणसाच्या मनात एक गोष्ट ठसते, की चूक आपलीच. आपल्याला तंत्र जमलं नाही. एजन्सीनेही त्याला हेच सांगितलं, "बजेट कमी पडलं."

शेवटचा आक्षेप, आणि दोन शब्द

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रंही जाहिरातीवरच चालली की. चालली. पण तिथे बातमी आणि जाहिरात यांच्यामध्ये एक रेघ होती. ती ओलांडली की वाचक संपादकाला जाब विचारायचा. आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात जाऊ शकायचा. जबरदस्ती कोणी करत नाही, हेही खरं. पण सगळं गाव ज्या एकाच पुलावरून जातं, तिथला टोल ऐच्छिक आहे असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

मग माझ्या विद्यार्थ्याला मी काय म्हणालो? जाहिरात सोड असं म्हणालो नाही. नकाशावरची फुकट नोंद आधी नीट कर, पत्ता, वेळ, फोटो. जाहिरात द्यायचीच तर 'कोर्स', 'नोकरी', 'भाव', 'डेटा' हे शब्द वगळून दे, ती सोय असते आणि एजन्सीने ती वापरली नव्हती. गाव आणि आसपासचे तालुके एवढंच क्षेत्र ठेव. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचार, आमचं नाव कुठून कळलं, ते वहीत लिही. ती वही म्हणजे तुझं प्रमाण.

त्याने वही घातली. पुढच्या हंगामानंतर दाखवायला आणली. बहुतेक ओळींत एकच शब्द, निरनिराळ्या अक्षरांत. 'शेजाऱ्याने सांगितलं.' 'पाहुण्याने सांगितलं.' 'पंपवाल्याने सांगितलं.' काही ओळींत 'मोबाईल'. त्या मोबाईलवाल्यांनाही मी कमी लेखत नाही. ती बाहेरगावची माणसं होती, ओळखपाळख नसलेली, आणि त्यांनाच शोधयंत्राची खरी गरज होती. त्यांच्यासाठीच ते प्रामाणिक असायला हवं.

आता शोधलं की यंत्र स्वतःच वाक्यं रचून उत्तर देऊ लागलंय. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून. दुव्यांची यादी होती तोवर निदान निवड आपली होती. आता यंत्र थेट आप्ताच्या आसनावर बसलंय, आणि जाहिरातीचा प्रश्न तिथेही येणारच. म्हणून नियम आत्ताच मागायला हवेत. जाहिरात लांबून ओळखू यावी. दुकानदाराला त्याने काय विकत घेतलं त्याची पुरी पावती मिळावी. आणि कोणाचं नाव त्याच्याच विरुद्ध विकलं जाऊ नये. या तीन मागण्यांत तंत्रज्ञान काही नाही. आठवडी बाजारात आपण त्या गृहीत धरतो.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. थांबतो.